मेल सर्व्हरने मेल परत पाठवला? शोध कुठून सुरू करायचा ते पायरी पायरीने

मेल रिजेक्ट झाला की बहुतेक नवीन लोक लगेच सेटिंग बदलायला लागतात. आधी एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) बदलून बघतात, मग पोर्ट, मग फायरवॉल, मग सर्व्हर रिस्टार्ट, आणि तासाभराने अशी अवस्था होते की मूळ बिघाड कुठला आणि आपण नव्याने घालून ठेवलेला कुठला हेच कळेनासं होतं. माझं सांगणं एकच आहे, समोरच्या सर्व्हरने नाही म्हणताना जी ओळ पाठवलीये ती आधी पूर्ण वाचा. नकार कोणी दिला, कुठल्या टप्प्यावर दिला, आणि तो कायमचा आहे की आत्तापुरता, या तीन गोष्टी कळेपर्यंत कॉन्फिग फाइल उघडूच नका. त्या एका ओळीत बरेचदा सगळं लिहिलेलं असतं, लोक ती वाचत नाहीत एवढंच.

आणि रिजेक्ट झाला म्हणून घाबरू पण नका. खरा त्रास तेव्हा असतो जेव्हा समोरचा मेल घेतो आणि काही न बोलता स्पॅममध्ये टाकतो किंवा गिळून टाकतो, तिथे तुमच्या हातात काहीच पुरावा नसतो. इथे निदान कारण तरी सांगितलंय.

पुढचं सगळं मी पोस्टफिक्स (मेल सर्व्हर चालवणारा प्रोग्राम) धरून लिहितोय कारण नवीन लोकांकडे बहुतेक तोच असतो, पण एक्झिम किंवा दुसरं काही असलं तरी विचार करायची पद्धत तीच.

पायरी १: पूर्ण ओळ मिळवा

ओळ दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे पाठवणाऱ्याकडे आलेला बाऊन्स मेल (मेल पोचला नाही असं कळवणारा). त्याच्या वरच्या भागात माणसांसाठी गोड भाषेत काहीतरी लिहिलेलं असतं ते सोडून द्या, खाली तांत्रिक भाग असतो त्यात ‘डायग्नोस्टिक कोड’ नावाची ओळ शोधा, ती महत्त्वाची. शेजारीच ‘रिपोर्टिंग एमटीए’ आणि ‘रिमोट एमटीए’ असतं, म्हणजे बाऊन्स कोणी तयार केला आणि नकार कुठल्या सर्व्हरने दिला. युजर तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवेल आणि त्यात नेमकी हीच ओळ कापलेली असेल, तेव्हा सरळ सांगा की बाऊन्स मेल अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड कर.

दुसरी जागा तुमच्या सर्व्हरचा लॉग. डेबियन उबुंटूवर व्हार लॉग फोल्डरमध्ये ‘मेल डॉट लॉग’, रेड हॅट घराण्यात ‘मेललॉग’ (मध्ये डॉट नाही), आणि डेबियनवर एक्झिम असेल तर ‘एक्झिम४’ फोल्डरमध्ये ‘मेनलॉग’. फाइल सापडलीच नाही तर जर्नलसीटीएल (सिस्टिमचे लॉग दाखवणारी कमांड) मध्ये बघा, हल्ली काही सिस्टिमवर सगळं तिथेच जातं. ज्याला मेल पाठवला त्याचा पत्ता लॉगमध्ये ग्रेप करा (म्हणजे ग्रेप कमांडने शोधा), त्या ओळीत एक क्यू आयडी (पाठवायच्या रांगेतल्या त्या मेलची खूण) मिळेल, मग तो आयडी ग्रेप करा म्हणजे त्या एका मेलचा अख्खा प्रवास एकाखाली एक दिसतो.

शेवटच्या ओळीत ‘स्टेटस’ बघा. ‘सेंट’ म्हणजे समोरच्याने घेतला, पुढे तो सापडत नसेल तर तो शोध त्यांच्याकडे घ्यायचा. ‘डिफर्ड’ म्हणजे आत्ता जमलं नाही, परत प्रयत्न होणार. ‘बाऊन्स्ड’ म्हणजे संपलं, पाठवणाऱ्याला परत गेला.

पायरी २: बोललं कोण?

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये होस्टच्या नावापुढे ‘सेड’ असा शब्द आला तर त्यापुढचा मजकूर समोरच्या सर्व्हरचे शब्द आहेत. ‘रिफ्यूज्ड टू टॉक टू मी’ आलं तर समोरच्याने दारातच, नमस्कार व्हायच्या आधीच परत पाठवलंय, तिथे कारण बहुतेक तुमचा आयपी असतो. आणि यातलं काहीच नसेल, नुसतं ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ किंवा ‘होस्ट नॉट फाउंड’ असेल तर ते तुमचाच सर्व्हर बोलतोय, समोरच्यापर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही, मग समोरच्याला मेल लिहून भांडण्यात काही अर्थ नाही.

‘टाइम्ड आउट’ आणि तेही प्रत्येक डोमेनला येत असेल तर पहिला संशय पोर्ट २५ वर घ्या. सर्व्हर ते सर्व्हर मेल फक्त पोर्ट २५ वरून जातो, ५८७ आणि ४६५ हे युजरने आपल्या सर्व्हरला मेल द्यायचे पोर्ट आहेत, त्यामुळे २५ चालत नाही म्हणून ५८७ लावून बघतो हा उपाय इथे लागूच होत नाही. स्पॅम थांबवायला बऱ्याच होस्टिंगवाल्यांनी बाहेर जाणारा २५ बंद ठेवलेला असतो, गूगल क्लाउडवर तो सहसा बंद असतो, ॲमेझॉनच्या ईसीटू वर सुरुवातीला बंद असतो आणि अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. तपासायचं कसं, तर सर्व्हरवरूनच टेलनेट किंवा एनसी या कमांडने समोरच्या मेल सर्व्हरच्या पोर्ट २५ ला जोडून बघा, २२० ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा आहे. दोनतीन वेगवेगळ्या मोठ्या सर्व्हरवर बघा, सगळीकडे अडकत असेल तर अडथळा तुमच्या बाजूला. होस्टिंगवाला पोर्ट उघडत नसेल तर एखाद्या रिले सेवेतून (तुमचा मेल घेऊन पुढे पोचवणारी) मेल बाहेर काढणे हाच रस्ता, त्यांच्याशी ५८७ वर बोलता येतं.

‘होस्ट नॉट फाउंड’ असेल तर समोरच्या डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड (त्या डोमेनचा मेल कुठला सर्व्हर घेतो हे सांगणारी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतली नोंद) डिग कमांडने विचारून बघा. डोमेनच्या स्पेलिंगमध्ये चूक हे सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण आहे म्हणून आधी तेच बघा. एमएक्स मध्ये होस्टचं नाव हवं, आयपी नाही आणि सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) पण नाही. काही डोमेन मुद्दाम सांगतात की आम्ही मेल घेतच नाही, त्यांच्या एमएक्स मध्ये प्रायॉरिटी शून्य आणि नावाच्या जागी फक्त एक टिंब असतं, तिथे तुम्ही काहीही केलंत तरी मेल जाणार नाही.

पायरी ३: ४ ने सुरू की ५ ने?

एसएमटीपी (मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती पद्धत) चे उत्तराचे कोड तीन आकडी असतात आणि १९८२ च्या मूळ प्रमाणापासून हीच पद्धत चालू आहे. २ ने सुरू म्हणजे झालं, ३ ने म्हणजे पुढचं पाठव, ४ ने म्हणजे नंतर ये, ५ ने म्हणजे नाही. त्यापुढे बहुतेक वेळा टिंबं असलेला दुसरा कोड असतो, ५.१.१ असा, तो जास्त नेमका असतो. मधला आकडा विषय सांगतो: १ पत्त्याबद्दल, २ मेलबॉक्सबद्दल, ३ समोरच्या सिस्टिमबद्दल, ४ नेटवर्क आणि रूटिंगबद्दल, ५ प्रोटोकॉलबद्दल, ६ मजकुराच्या फॉरमॅटबद्दल, ७ सुरक्षा आणि धोरणाबद्दल. हे पाठ करायची गरज नाही, फक्त १, २ आणि ७ लक्षात ठेवा, बाकीचे क्वचित येतात.

४ आला तर पहिला उपाय म्हणजे थांबणे. खरंच. ४५० किंवा ४५१ आणि सोबत ‘ग्रेलिस्टेड’ किंवा ‘ट्राय अगेन लेटर’ असं असेल तर समोरचा अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम एकदा परत पाठवतोय, खरा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो आणि स्पॅम फेकणारे प्रोग्राम बरेचदा येत नाहीत, एवढीच ती युक्ती आहे. पोस्टफिक्स आपोआप परत प्रयत्न करतो, आधी काही मिनिटांनी मग हळूहळू अंतर वाढवत जास्तीत जास्त साधारण तासाभराने, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ दिवस करतो, त्यानंतर बाऊन्स. त्यामुळे क्यू मध्ये मेल दिसतोय म्हणून दर मिनिटाला क्यू फ्लश करत बसू नका, त्याने काम लवकर होत नाही, उलट समोरच्याला तुम्ही घाई करणारे वाटता आणि ४२१ देऊन तो अजून लांब ठेवतो.

पण ४ आहे म्हणून डोळे मिटून बसायचं असंही नाही. एकाच डोमेनला पाठवलेले सगळे मेल दिवसभर ४ मध्येच अडकले असतील तर तो ग्रेलिस्टिंग नाही, तिथे वेग कमी करायला सांगतायत किंवा तुमच्या डीएनएस मध्ये काही गडबड आहे जी समोरचा तात्पुरती समजून थांबलाय. क्यू बघायला पोस्टक्यू -पी, त्यात प्रत्येक मेलखाली कंसात कारण दिसतं.

५ आला तर परत पाठवून काही होत नाही, कारण दूर केल्याशिवाय तेच उत्तर येणार.

पायरी ४: कुठल्या टप्प्यावर?

दोन सर्व्हर बोलतात तेव्हा क्रम ठरलेला असतो. आधी कनेक्शन, मग हेलो म्हणजे मी अमुक नावाचा सर्व्हर, मग मेल फ्रॉम म्हणजे पाठवणारा कोण, मग आरसीपीटी टू म्हणजे कोणासाठी, आणि शेवटी डेटा म्हणजे प्रत्यक्ष मेल. पोस्टफिक्स लॉगच्या ओळीच्या शेवटी ‘इन रिप्लाय टू’ असं लिहून टप्पा सांगतो. आरसीपीटी टू ला नकार आला तर बहुतेक पत्ता चुकलाय किंवा रिले किंवा आयपी चा प्रश्न, मेलचा मजकूर समोरच्याने अजून पाहिलेलाच नाही त्यामुळे विषय बदलून बघण्यात वेळ घालवू नका. ‘एंड ऑफ डेटा’ ला नकार आला तर त्याने मेल बघितलाय, म्हणजे डीकिम, डीमार्क (हे दोन्ही पायरी ६ मध्ये येतील), साइझ, अटॅचमेंट, लिंक किंवा मजकूर.

एक बारकावा सांगून ठेवतो. समोर पण पोस्टफिक्स असेल तर तो नेहमीच्या सेटिंगमध्ये आयपी किंवा हेलो वरचा नकार सुद्धा आरसीपीटी टू येईपर्यंत राखून ठेवतो, म्हणजे कोणासाठी मेल होता ते त्याच्या लॉगमध्ये यावं. त्यामुळे आरसीपीटी टू ला नकार आला की लगेच पत्ताच चुकला असं धरू नका, शब्द वाचा.

इथेच लिफाफ्याची गोष्ट पण समजून घ्या कारण पुढे एसपीएफ आणि डीमार्क यावरच उभे आहेत. मेल फ्रॉम मधला पत्ता म्हणजे लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, आणि मेल उघडल्यावर दिसणारा ‘फ्रॉम’ म्हणजे आतल्या पत्रावर लिहिलेलं नाव. दोन्ही वेगळे असू शकतात आणि बरेचदा असतात. बाऊन्स लिफाफ्यावरच्या पत्त्यावर जातो. आणि बाऊन्स मेलचा स्वतःचा लिफाफा मुद्दाम कोरा असतो, नाहीतर बाऊन्सचा बाऊन्स असं चालूच राहील, म्हणून कोरा मेल फ्रॉम सरसकट ब्लॉक करू नका, अनेक जण स्पॅम समजून करतात आणि मग युजरला बाऊन्सच मिळत नाहीत.

पायरी ५: आता कारणानुसार

५५० ५.१.१, युजर अननोन. पत्ता नाहीये. स्पेलिंग बघा, माणसाने नोकरी सोडली असेल ते बघा, यादीतून नाव काढा. अशा पत्त्यांवर पाठवत राहिलात तर तुमच्या आयपीची पत घसरते, एवढंच लक्षात ठेवा.

५.२.२ मेलबॉक्स भरलाय, त्याला फोन करून सांगा, तुमच्याकडे काही काम नाही.

५५२ आणि साइझचं काहीतरी. इथे लोक गोंधळतात कारण फाइल मर्यादेपेक्षा लहान असते तरी नकार येतो. अटॅचमेंट मेलमध्ये जाताना बेस६४ मध्ये बदलते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, २० एमबी ची फाइल २७ एमबी च्या आसपास होते, मग २५ एमबी च्या मर्यादेत बसत नाही. पोस्टफिक्सची स्वतःची मर्यादा न बदलता ठेवली तर १,०२,४०,००० बाइट असते, म्हणजे साडेसात एमबी च्या वरच्या फाइलला तुमचाच सर्व्हर अडवेल, मेसेज साइझ लिमिट वाढवा.

५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड. हा सर्व्हर म्हणतोय की हे डोमेन माझं नाही आणि तू माझा ओळखीचा नाहीस, मग मी हा मेल पुढे का नेऊ. तुम्ही दुसऱ्याच्या डोमेनला पाठवताना आला तर त्यांचं एमएक्स चुकीच्या सर्व्हरकडे बोट दाखवतंय किंवा त्यांनी सर्व्हर बदलला आणि नवीन ठिकाणी डोमेन नोंदवायचं राहिलं, त्यांनाच दुरुस्त करावं लागेल. तुमच्याच युजरला तुमच्याच सर्व्हरकडून आला तर त्याने लॉगिन न करता पाठवलाय, मेल क्लायंटमध्ये ५८७ आणि ऑथेंटिकेशन चालू करा. इथे एक कळकळीची विनंती, हा एरर घालवायला पोस्टफिक्सच्या ‘मायनेटवर्क्स’ (लॉगिनशिवाय मेल पाठवू शकणाऱ्यांची यादी) मध्ये सगळं जग उघडं करू नका. तसं केलंत तर सर्व्हर ओपन रिले होतो, स्पॅमवाले असे सर्व्हर सतत शोधत असतात, आणि मग ब्लॅकलिस्टमधून बाहेर यायला जो वेळ जाईल तो या सगळ्यापेक्षा कितीतरी जास्त.

५०४ ५.५.२, हेलो साठी पूर्ण होस्टनेम हवं. तुमचा सर्व्हर ‘लोकलहोस्ट’ किंवा नुसतं ‘मेल’ असं नाव सांगतोय. ‘मायहोस्टनेम’ मध्ये मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम सारखं पूर्ण नाव घाला, आणि ते नाव डीएनएस मध्ये खरंच तुमच्या आयपीवर जातं ना ते बघा.

यालाच जोडून पीटीआर, म्हणजे रिव्हर्स डीएनएस. जीमेल ५.७.२५ असा कोड देऊन स्पष्ट सांगतं की तुमच्या आयपीला पीटीआर नाही. आयपीवरून नाव निघालं पाहिजे आणि त्या नावावरून परत तोच आयपी निघाला पाहिजे, दोन्ही दिशा जुळायला हव्यात. नवीन लोक डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस पॅनेलमध्ये पीटीआर शोधत बसतात आणि तिथे तो चालत नाही, कारण आयपी ज्याचा आहे त्यालाच पीटीआर लावता येतो, म्हणजे होस्टिंगवाला. त्याच्या पॅनेलमध्ये ‘रिव्हर्स डीएनएस’ असा पर्याय असतो, नसेल तर तिकीट टाका.

आणि आयपीव्ही६ विसरू नका. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असतो, तुम्ही पीटीआर आणि एसपीएफ फक्त आयपीव्ही४ चा केलेला असतो, आणि सर्व्हर जीमेलशी आयपीव्ही६ वरून बोलतो. लक्षण असं की काही ठिकाणी मेल जातात आणि काही ठिकाणी नाही, किंवा कधी जातात कधी नाही. नीट उपाय म्हणजे आयपीव्ही६ चा पण पीटीआर आणि एसपीएफ करणे, तोपर्यंत पोस्टफिक्सच्या ‘इनेट प्रोटोकॉल्स’ मध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवून पोस्टफिक्स रिस्टार्ट केला तरी काम भागतं.

पायरी ६: एसपीएफ, डीकिम, डीमार्क

५.७.२३, ५.७.२६ असे कोड किंवा ‘अनऑथेंटिकेटेड’ हा शब्द दिसला तर इथे या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने नियम कडक केले, कोणीही असो एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी हवंच, आणि जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही, शिवाय जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब. आउटलुक आणि हॉटमेलच्या पत्त्यांना दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने पण २०२५ च्या मे पासून तिन्ही गोष्टी मागायला सुरुवात केली. माझ्या मते छोट्या सर्व्हरवाल्याने सुद्धा तिन्ही करूनच ठेवावं, एक दुपार जाते पण पुढचे खूप त्रास वाचतात.

एसपीएफ म्हणजे कुठले आयपी माझ्या डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकतात याची डीएनएस मधली यादी. तो लिफाफ्यावरचं डोमेन तपासतो, आतलं नाही. नेहमी सापडणाऱ्या चुका तीन. एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड, जुना होता आणि नवीन सेवा घेतल्यावर तिच्या मदत पानावरून अजून एक चिकटवला, असं झालं की दोन्ही बाद, एकाच ओळीत एकत्र करा. दुसरी, इन्क्लूड (दुसऱ्या सेवेची यादी आपल्यात जोडणे) वर इन्क्लूड करत डीएनएस लुकअप १० च्या वर जाणे, मर्यादा १० ची आहे आणि आतल्या इन्क्लूडमधले पण मोजले जातात, वापरात नसलेल्या सेवा काढा. तिसरी, सर्व्हर बदलला आणि नवीन आयपी यादीत घालायचा राहिला. आणि शेवटी ‘प्लस ऑल’ कधीही लिहू नका, त्याचा अर्थ कोणीही पाठवा असा होतो. टिल्डा ऑल (बाकीच्यांवर संशय घ्या) ने सुरुवात करा, सगळं स्थिर झालं की मायनस ऑल (बाकीच्यांना नकार द्या).

डीकिम मध्ये सर्व्हर मेलवर सही करतो आणि सहीची पब्लिक की डीएनएस मध्ये असते, सिलेक्टर डॉट अंडरस्कोर डोमेनकी डॉट तुमचं डोमेन या नावाने. २०४८ बिटची की एका टीएक्सटी तुकड्याच्या २५५ अक्षरांत मावत नाही, तुकड्यांत द्यावी लागते, आणि काही डीएनएस पॅनेलमध्ये पेस्ट करताना ती शेवटी गुपचूप कापली जाते, म्हणून डिग ने परत विचारून शेवटची अक्षरं जुळवून बघाच. ‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ असं आलं तर की ठीक असू शकते पण सही झाल्यावर कोणीतरी मजकूर बदललाय, बहुतेक वेळा खाली डिस्क्लेमर चिकटवणारा फिल्टर किंवा अँटीव्हायरस, सही सगळ्यात शेवटी होईल असा क्रम लावा.

डीमार्क या दोघांना आतल्या फ्रॉमशी जोडतो. नुसतं एसपीएफ पास होऊन चालत नाही, ज्या डोमेनसाठी पास झालं ते फ्रॉममधल्या डोमेनशी जुळायला हवं, किंवा डीकिमचं डोमेन जुळायला हवं, दोघांपैकी एक पुरतं. न्यूजलेटर सेवेतून मेल जातात तेव्हा लिफाफ्यावर सेवेचं डोमेन असतं, एसपीएफ पास दिसतं तरी डीमार्क फेल, मग लोक डोकं धरून बसतात. उपाय, त्या सेवेत तुमच्या डोमेनची डीकिम सही चालू करा.

वेबसाइटचा कॉन्टॅक्ट फॉर्म हे तर फार नेहमीचं. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ताच फ्रॉममध्ये टाकून वेबसाइट मेल पाठवते, म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या डोमेनच्या नावाने बोलतोय, आणि त्या डोमेनचा डीमार्क रिजेक्टवर असेल तर मेल परत येणारच, त्यात समोरच्याचं काही चुकत नाहीये. फ्रॉममध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय टू मध्ये.

फॉरवर्डिंगचं पण असंच. तुमच्या सर्व्हरवर आलेला मेल आपोआप जीमेलला पुढे जातो तेव्हा लिफाफ्यावर मूळ पाठवणारा आणि आयपी तुमचा, एसपीएफ तुटतं. एसआरएस लावला तर लिफाफ्यावर तुमचं डोमेन येतं आणि एसपीएफ सुटतं, पण डीमार्क तेव्हाच वाचतो जेव्हा मूळ डीकिम सही शाबूत असते, म्हणून फॉरवर्ड करताना विषयात काही जोडू नका, मजकुराला हात लावू नका. जमलं तर फॉरवर्डिंग बंदच करा आणि युजरला दोन मेलबॉक्स वापरायला सांगा, मला तरी हेच बरं वाटतं.

सगळं करून झालं की जीमेलच्या पत्त्यावर एक टेस्ट मेल पाठवा, उघडून मेनूतून ‘शो ओरिजिनल’ घ्या, वरच तिन्हींचे पास फेल दिसतात. डीएनएस बदल लगेच दिसत नाहीत, जुन्या रेकॉर्डचा टीटीएल (ते किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) संपेपर्यंत काही सर्व्हर जुनंच वाचतात, म्हणून बदल केल्यावर दहा मिनिटांत अजून एक बदल करू नका.

पायरी ७: ब्लॅकलिस्ट

नकाराच्या ओळीत ‘ब्लॉक्ड युजिंग’ आणि पुढे यादीचं नाव असेल तर त्या यादीच्याच साइटवर आयपी टाकून बघा. स्वतः डीएनएस मधून विचारायचं असेल तर आयपीचे आकडे उलटे करून यादीच्या नावापुढे लावतात, २०३.०.११३.२५ असेल तर २५.११३.०.२०३ आणि पुढे झेन डॉट स्पॅमहॉस डॉट ओआरजी (स्पॅमहॉस ही अशीच एक यादी, पुढचे आकडे तिचेच). उत्तर १२७ ने सुरू होणारं आलं तर शेवटचा आकडा बघा, २ किंवा ३ म्हणजे स्पॅमशी संबंध जोडलाय, ४ म्हणजे मशीन बिघडलंय किंवा घुसखोरी झालीये असा संशय, १० किंवा ११ म्हणजे हा आयपी घरगुती कनेक्शनसारखा आहे, इथून थेट मेल जाणं अपेक्षितच नाही. शेवटच्या प्रकारात तुमचा काही गुन्हा नसतो.

बाकी प्रकारांत नाव काढायचा अर्ज करण्याआधी कारण शोधा. क्यू मध्ये अनोळखी पत्त्यांना जाणारे ढीगभर मेल आहेत का, लॉगमध्ये ‘एसएएसएल युजरनेम’ (लॉगिन केलेल्या युजरचं नाव) ग्रेप करून एकच युजर हजारोंनी पाठवतोय का. असेल तर त्याचा पासवर्ड चोरीला गेलाय, पासवर्ड बदला, क्यू मधले त्याचे मेल पोस्टसुपर -डी ने काढा, वेबसाइटवरून जात असतील तर जुने प्लगिन तपासा. हे न करता नाव काढून घेतलंत तर लगेच परत येईल आणि पुढच्या वेळी ते लवकर ऐकणार नाहीत.

उलट बाजू पण बघा. इतर लोक तुम्हाला मेल पाठवू शकत नसतील तर नकार तुमचा सर्व्हर देतोय, लॉगमध्ये ‘नोक्यू’ आणि ‘रिजेक्ट’ ग्रेप करा. तुम्ही वापरता ती ब्लॅकलिस्ट अजून जिवंत आहे का ते बघा. ओआरडीबी नावाची यादी २००६ च्या शेवटी बंद झाली आणि २००८ मध्ये ती प्रत्येक आयपीला ‘यादीत आहे’ असं उत्तर द्यायला लागली, ज्यांनी नाव काढलं नव्हतं त्यांचा सगळा मेल अडला. सॉर्ब्ज पण २०२४ मध्ये बंद झाली. आणि स्पॅमहॉसला गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (डीएनएस मधलं उत्तर शोधून देणारा सर्व्हर) विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं, त्याचा अर्थ इथून विचारू नका असा आहे, पण कॉन्फिगमध्ये कुठले आकडे मानायचे ते लिहिलेलं नसेल तर पोस्टफिक्स त्याला हो समजतो आणि चांगले मेल पण परत पाठवतो. मेल सर्व्हरवर स्वतःचा छोटा रिझॉल्व्हर चालवा, अनबाउंड बसवला की झालं.

पायरी ८: हाताने करून बघा

कारण सापडलं, बदल केला, आता युजरला परत पाठवायला सांगण्याआधी स्वतः तपासा. स्वॅक्स नावाचं टूल यासाठी फार चांगलं आहे, कोणाकडून कोणाला आणि कुठल्या सर्व्हरला ते दिलं की दोन्ही बाजूंचं अख्खं संभाषण स्क्रीनवर दिसतं. तेच टेलनेटने हाताने टाइप करून पण होतं, निदान एकदा तरी करा, टप्पे डोक्यात पक्के बसतात. टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) वर संशय असेल तर ओपनएसएसएल च्या ‘एस क्लायंट’ मध्ये ‘स्टार्ट टीएलएस एसएमटीपी’ देऊन पोर्ट २५ ला जोडा. सर्टिफिकेट संपलं तरी सर्व्हर ते सर्व्हर मेल सहसा चालू राहतो, पण समोरच्या डोमेनने एमटीए एसटीएस (टीएलएस आणि चालू सर्टिफिकेट असल्याशिवाय मेल देऊ नका असा नियम) लावलं असेल आणि पाठवणारा ते पाळत असेल तर तिथे अडतं.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वेळ कुठेतरी लिहून ठेवा, म्हणजे लॉगमध्ये आधीचं आणि नंतरचं वेगळं करता येतं.

पायरी ९: समोरच्याशी बोलायची वेळ आली तर

तुमच्या बाजूचं सगळं ठीक आहे आणि तरी नकार येतोय, असं होतं. प्रत्येक मेल घेणाऱ्या डोमेनवर पोस्टमास्टर हा पत्ता चालू असणं प्रमाणातच लिहिलंय, तिथे लिहा, आणि तो मेल पण अडू नये म्हणून दुसऱ्या एखाद्या मेलबॉक्सवरून लिहा. नकाराच्या ओळीत लिंक असेल तर आधी तिथला फॉर्म भरा, मोठ्या सेवांमध्ये तोच रस्ता चालतो. त्यात तुमचा पाठवणारा आयपी, टाइमझोनसकट वेळ, लिफाफ्यावरचा पाठवणारा आणि घेणारा पत्ता, आणि नकाराची ओळ जशीच्या तशी कॉपी करून द्या, आपल्या शब्दांत सांगू नका. समोर बसलेला ॲडमिन वेळ आणि आयपीवरून दोन मिनिटांत त्याच्या लॉगमधली ओळ काढू शकतो, ‘तुमच्याकडे मेल जात नाही’ एवढंच लिहिलंत तर त्याला काहीच शोधता येत नाही.

उत्तर येईपर्यंत अडलेले मेल क्यू मध्ये ५ दिवसच टिकतात हे ध्यानात ठेवून ज्यांचे मेल अडलेत त्या युजरना आधीच कळवा, तातडीचं असेल तर त्यांनी फोन करावा, आणि ५ ने परत आलेले मेल त्यांना स्वतःच पुन्हा पाठवावे लागतील.